दार कुणी उघडलं

किल्लीवाले काका हल्ली कुणाचं बंद दार उघडून देत नाहीत. किल्ली करून देतात, गंजलेलं कुलूप साफ करतात, नवं बसवून देतात. पण कुणी धापा टाकत आलं आणि म्हणालं, "काका, लवकर चला, दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली," की ते चष्मा कपाळावर सरकवतात.

"ते काम मी सोडलं. चौकात दुसरा आहे, त्याच्याकडे जा."

"अहो, गॅसवर दूध ठेवलंय!"

"मग पळत जा."

दुकान जेमतेम एका कपाटाएवढं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, समोर किल्ली कापायचं यंत्र, त्याच्याखाली पितळेचा पिवळा भुगा. मागच्या स्टुलावर काकू. त्यांचं लक्ष रस्त्याकडे आणि कान नवऱ्याकडे.

"डॉक्टरनं म्हणावं, मी तपासणार नाही, नुसत्या गोळ्या विकणार. तसं चाललंय यांचं," काकू त्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात.

काका उत्तर देत नाहीत. बायकोच्या टोमण्याला उत्तर द्यायची त्यांची सवय जुनी आणि चांगली होती. तीही गेली.

आमच्या रस्त्यावर सगळ्यांना वाटतं की वयामुळे हात थरथरत असतील. हात अजून उत्तम आहेत. खरं कारण मला काकूंनीच सांगितलं, आणि बाकीचं त्या दिवशी कोर्टात असलेल्यांनी ऐकलं.

त्या घरात एक नियम होता. घरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. बाहेरून ऐकायला हे विचित्र वाटेल, पण त्या घराचा विचार करून बघा. नवरा वाटेल ते कुलूप उघडू शकतो. बायको लग्नानंतर दुकानात बसून बसून शिकली. मुलगा तर चालायच्या आधीपासून किल्ल्या चघळत होता. अशा घरात कडी लावली काय आणि नाही लावली काय, सारखंच. म्हणून काकांनी मुलगा लहान असतानाच ठरवून टाकलं की घरात कुणी दार लावलं तर ते ज्यानं लावलं त्यानंच उघडायचं. एकदा न्हाणीघराची कडी अडकली आणि काकू आत राहिल्या. काका बाहेर हत्यारांची पिशवी घेऊन उभे.

"उघडू का?"

"मी सांगितलं का?"

"नाही, पण..."

"मग गप उभे राहा. माझं मी बघते."

त्यांनी बघितलं, म्हणजे बादलीच्या दांडीनं कडी सैल केली आणि विजयी चेहऱ्यानं बाहेर आल्या. काका बराच काळ ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत असत आणि दर वेळी न्हाणीघरातला वेळ वाढत असे.

मुलाला सगळे बारक्या म्हणतात. अंगानं बारीक, एवढंच कारण. शाळेत त्याचं मन रमलं नाही, कानशीत रमलं. बापापेक्षा त्याचं काम नाजूक. दोन वर्षांपूर्वी त्यानं वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीसाठी स्वतः कुलूप बनवलं. साधारण कुलपात स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या पिना असतात. किल्लीचे दात त्या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, मग आतला गोल गाभा फिरतो आणि कुलूप उघडतं. किल्ली नसेल तर एका आकड्यानं एकेक पिन उचलावी लागते, आणि जाणकाराच्या बोटांना ती बसल्याचं कळतं. बारक्यानं काही पिना मध्ये कानसून बारीक केल्या होत्या. त्यामुळे आकडा घातला की गोल थोडासा फिरतो, उघडलं असं वाटतं, आणि तिथेच अडकतो.

"म्हणजे कुलूप थाप मारतं," बारक्या म्हणाला.

"उघडतं का बघू?" काकांनी हात पुढे केला होता.

"बाबा! घरातलं आहे."

"बरं बरं." हात मागे आला. पण मन आलं नाही. रोज रात्री झोपायला जाताना त्या दारावरून त्यांची नजर फिरायची. काकू म्हणायच्या, "अहो, मुलाचं कुलूप आहे, दुसऱ्याची बायको नाही. बघणं सोडा." काका हसायचे.

मग गेल्या वर्षी बारक्याची झोप उडाली. आधी एक-दोन रात्री, मग आठवडाभर. रात्रभर कानस चालायची. आपल्या किल्ल्यांची कुणीतरी नक्कल करतंय असं त्याला वाटू लागलं, भिंतीतून आवाज ऐकू येऊ लागले. त्यानं दुकानाचं कुलूप बदललं, घराचं बदललं, पुन्हा बदललं. गिऱ्हाइकाला तो विचारायचा, "तुम्हाला कुणी पाठवलं?" हा आजार त्याला आधी एकदा होऊन गेला होता. त्या वेळी गोळ्यांनी तो सावरला होता. या वेळी त्यानं गोळ्या कधी बंद केल्या, ते कुणालाच कळलं नाही. काकूंनी त्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. पण त्या दिवशी दुपारीच बारक्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि आत वस्तू आपटायला सुरुवात केली. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी घाबरून पोलिसांना फोन केला.

काकू दाराबाहेर फरशीवर बसून मुलाशी बोलत होत्या. काय बोलत होत्या? काही नाही. आज भाजीत मीठ जास्त पडलं, तुझा निळा सदरा वाळलाय, असलंच. आतून आपटणं हळूहळू कमी झालं. मग आतून आवाज आला, "आई, डॉक्टर आल्या की मी येतो. आत्ता नको."

"बरं राजा. त्या येईपर्यंत कुणी येणार नाही."

डॉक्टरीणबाईंना काकूंनी फोन केलाच होता. त्यांनीही हेच सांगितलं होतं. दार उघडू नका, बोलत राहा, मी निघाले आहे. पण आमच्या गल्लीचं तोंड नव्या माणसाला सापडत नाही. त्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा काकू उठल्या. "मी त्यांना कोपऱ्यावरून घेऊन येते. तुम्ही इथे बसा. आणि दाराला हात लावू नका."

"मी कशाला लावू?" काका म्हणाले.

काकू गेल्या आणि दोन पोलीस जिना चढून आले. एक वयानं मोठा, एक तरुण. त्यातल्या मोठ्यानं दार ठोठावलं. आतून पुन्हा आपटणं सुरू झालं. काका म्हणाले की डॉक्टर येताहेत, दोन मिनिटं थांबा. मोठा म्हणाला, "दोन मिनिटांत तो फास लावून घेईल, मग तुम्हीच आमच्या नावानं ओरडाल." त्यानं तरुणाला खूण केली. तरुणानं खांदा दाराला लावून अंदाज घेतला. दार सागवानी नव्हतं, पण कुलपाभोवतीची लाकडाची पट्टी बारक्यानं हातानं कोरून बसवली होती. ती चिरली असती.

"नका तोडू," काका म्हणाले. "थांबा. मी उघडतो."

त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं सगळं सांगतो, पण आधी त्या दिवसाचा शेवट सांगायला हवा, कारण खोटं तिथे जन्माला आलं. काकू डॉक्टरीणबाईंना घेऊन गल्लीत शिरल्या तेव्हा पोलीस बारक्याला जिन्यावरून खाली आणत होते. हात मागे, बेड्या घातलेल्या, कपाळावरून रक्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा माझा पेशंट आहे, इस्पितळात न्या, मी बरोबर येते." मोठा पोलीस म्हणाला, "आधी चौकी." चौकीत त्याला खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं. त्यानं गोळ्या मागितल्या तर म्हणाले, नाटकं बंद कर. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं, तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. बेड्या इतक्या आवळल्या होत्या की आतली नस कायमची दुखावली. इस्पितळातल्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं.

चौकीच्या बाकावर बसलेल्या काकूंनी नवऱ्याला विचारलं, "दार कसं उघडलं?"

"मला काय माहीत? मी दुकानात गेलो होतो. हत्यारं आत टाकत होतो, त्यांनी बघितली असती तर भलताच अर्थ काढला असता. वर आलो तर सगळं झालं होतं."

वाक्य इतकं सरळ बाहेर पडलं की त्यांनाच नवल वाटलं. काकूंनी मान हलवली. नवऱ्यावर अविश्वास दाखवायला त्या वेळी त्यांच्याकडे जागाच नव्हती.

तक्रार काकूंनी केली. वकीलबाई डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या, पायात नेहमी धावायचे बूट. पोलिसांचा जबाब आला, तो त्यांनी दुकानातच वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की मुलगा कानस घेऊन अंगावर धावून आला, म्हणून आवश्यक तेवढं बळ वापरावं लागलं. अंगठ्याची दुखापत जुनी असावी, त्याचा धंदाच तसला आहे. आणि मध्येच एक वाक्य होतं: दार कुटुंबीयांच्या मदतीनं उघडण्यात आलं.

बारक्या तोपर्यंत गोळ्यांनी पुष्कळ सावरला होता. गल्ल्यावर बसायचा, कोऱ्या किल्ल्या निवडून द्यायचा. कानस मात्र धरता येत नव्हती. अंगावर धावून गेल्याचं वाक्य त्यानं शांतपणे ऐकलं. दाराच्या वाक्यावर मात्र तो उठून उभा राहिला.

"हे बघा, इथे कळतं हे किती खोटारडे आहेत ते. कुटुंबीय म्हणे! आई कोपऱ्यावर होती. राहिले बाबा. बाबा माझ्या कुलपाला हात लावतील? विचारा कुणालाही."

"लावणार नाहीत," काकू म्हणाल्या.

वकीलबाईंनी काकांकडे बघितलं. काका एका किल्लीच्या दातांवरून बोट फिरवत होते. त्या एवढ्या मोठ्या जबाबात खरं असं एकच वाक्य होतं आणि त्यांचा मुलगा नेमका त्यालाच खोटं म्हणत होता. बापावरच्या भरवशानं म्हणत होता.

"नाही," काका म्हणाले.

तशीच त्यांची साक्ष नोंदली गेली. मी दुकानात होतो. मी काही पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी दारं उघडायचं सोडलं. एकदा प्रयत्न केला होता. पलीकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईंचं दार. आकडा आत घातला, पहिली पिन बसली, आणि काकांनी हात काढून घेतला. "आत कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी इथे बाहेर उभी आहे, आत कोण असणार?" काका म्हणाले, "बरोबर," आणि पिशवी उचलून घरी आले.

अडचण पुढे आली. वकीलबाई एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि बूट काढून तळवे चोळत म्हणाल्या, "काका, खटला उभा राहील की नाही, याची आता मलाच खात्री नाही. जिन्यावरचं डॉक्टरांनी बघितलं. चौकीतलं काकूंनी बघितलं. पण खोलीत काय झालं? ते म्हणतात, धावून आला. हा म्हणतो, नाही. ते दोघं, हा एकटा. आणि त्या वेळी हा आजारी होता. त्यांचा वकील विचारणार, तुम्हाला तर तेव्हा भिंतीतून आवाज ऐकू येत होते ना, मग हे नीट आठवतं कसं? पोराला उभं चिरतील हो. न्यायाधीश म्हणतील, पुरावा नाही, आणि प्रकरण इथेच बंद."

"मग?"

"मग काही नाही. कुणीतरी बघितलेलं हवं होतं."

काकू आत चहा करत होत्या. बारक्या गोळ्या घेऊन लवकर झोपला होता. काकांनी यंत्राचं बटण बंद केलं.

"मी बघितलंय," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. वकीलबाई ऐकत गेल्या, आणि काकांच्या लक्षात आलं की त्यांचा चेहरा उजळत चालला आहे. त्या चक्क हसल्या. "काका, तुम्ही दारात उभे होतात? सगळं दिसत होतं? अहो, मग हे आधी का नाही सांगितलं!" काकांना वाटत होतं, ही बाई आता टाकून बोलेल, निदान तोंड फिरवेल. तिचा आनंद त्यांना सोसवेना. आपल्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट कुणाच्या तरी कामाची निघावी, हे त्यांना फार ओशाळवाणं वाटलं.

"तुमचा आधीचा जबाब खोटा होता हे ते ठोकून ठोकून सांगतील," वकीलबाई म्हणाल्या. "सोसावं लागेल. शिवाय खोट्या जबाबाबद्दल कोर्ट तुम्हालाही विचारू शकतं."

"विचारू दे."

"आणि एक. मुलाला आधी सांगा. कोर्टात पहिल्यांदा कळायला नको. शब्द द्या."

"देतो."

चहा घेऊन आलेल्या काकूंनी शेवटचं तेवढं ऐकलं. वकीलबाई गेल्यावर काकांनी त्यांनाही सांगितलं. कप अजून काकूंच्या हातातच होता.

"मी सांगून गेले होते ना?"

"हो."

"मी त्याला शब्द दिला होता. कुणी येणार नाही म्हणून."

"हो."

"हो हो काय करताय? गिऱ्हाईक आहे का मी?" त्यांनी कप आपटून ठेवला. पुढे त्यांनी काकांशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. जेवायला वाढलं, औषध दिलं, सगळं केलं. फक्त कोर्टाची तारीख येईपर्यंत टोमणे बंद झाले, आणि त्या शांततेत काका पार उघडे पडले.

मुलाला सांगायचा प्रयत्न काकांनी केला नाही असं नाही. रोज सकाळी ते ठरवत. एकदा दोघंच दुकानात होते. बारक्या डाव्या हातानं कानस चालवायला शिकत होता. किल्ली वेडीवाकडी झाली होती.

"बाबा, बघा. आंधळ्यानं केल्यासारखी झालीय."

"जमेल."

"तुम्ही काही म्हणणार होता का?"

"नाही. जमेल, एवढंच."

दुसऱ्या वेळी ते वरच्या मजल्यापर्यंत गेले. दार उघडंच होतं. बारक्या हल्ली दार लावत नसे. काका उंबऱ्याशी उभे राहिले, पंखा साफ करायला हवा असं म्हणाले, आणि खाली आले. वकीलबाईंनी फोनवर विचारलं, "सांगितलं ना?" तेव्हा ते म्हणाले, "सांगतो." एवढं मोठं खोटं मोडायला निघालेल्या माणसानं वाटेत आणखी एक बारीक खोटं उभं केलं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

कोर्टाची खोली लांबट होती. उंच खिडक्या, वर करकरणारे पंखे, भिंतीला टेकवलेली मोडकी खुर्ची. ते दोन पोलीस पुढच्या बाकावर, साध्या कपड्यांत, दाढी करून आलेले. बारक्या आईशेजारी बसला होता. वडिलांची साक्ष पुन्हा का घेतात, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं वडिलांना पाण्याची बाटली दिली. "घसा कोरडा पडला तर घ्या. आणि हळू बोला, तुम्ही घाईत शब्द गिळता."

काका उभे राहिले. वकीलबाईंनी विचारलं, "त्या दिवशी खोलीचं दार कुणी उघडलं?"

"मी."

बारक्याला नीट ऐकू आलं नसावं. तो आईकडे वळून काहीतरी विचारू लागला. काकूंनी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"त्या वेळी मुलगा काय करत होता?"

"टेबलाखाली बसला होता. डोक्यावरून टॉवेल घेतला होता. कान दाबून धरले होते. कानस टेबलावर होती, हातात नव्हती. दार हळूच उघडलं, म्हणून त्याला वाटलं आईच आली. तो म्हणाला, आई?" काका थांबले. पाण्याची बाटली हातात होती, पण ते प्यायले नाहीत. "मग या मोठ्या साहेबांनी त्याला पाय धरून ओढलं. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तो म्हणाला, येतो, मी येतो, थांबा. असंच म्हणाला. त्यानं दोन्ही हात पुढे केले होते. यांनी पाठीवर गुडघा ठेवला, हात मागे घेतले, बेड्या घातल्या. धाकट्या साहेबांनी बेडीवर बूट ठेवून दाबली. तो ओरडला. तेव्हा त्यांनी आणखी दाबली."

"तो कुणाच्या अंगावर धावून गेला?"

"कुणाच्याच नाही."

मग पोलिसांचे वकील उठले. गोरेगोमटे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"तुम्ही आधी याच्या उलट सांगितलं होतंत."

"हो."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून मानायचं?"

"आज मी माझ्या फायद्याचं काहीच बोलत नाहीये," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा मुलाकडे बघितलं.

"पोलिसांनी तुम्हाला दार उघडायला सांगितलं? धमकावलं?"

इथे एक सोपी वाट होती. वकीलबाईंनाही ती ठाऊक होती, पण त्यांनी तसं कधी सुचवलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

"नाही. ते तोडणार होते. मीच म्हणालो, थांबा, उघडतो."

"का?"

"कुलूप चांगलं होतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. "नीट सांगा."

"माझ्या मुलानं केलेलं कुलूप होतं. मला ते उघडतं का, हे बघायचं होतं. फार दिवसांपासून. आमच्या घरात तसं करत नाहीत, म्हणून कधी केलं नव्हतं. त्या दिवशी निमित्त मिळालं." त्यांचा आवाज खाली गेला, पण शब्द गिळले नाहीत. "पिना बसायला लागल्या तेव्हा मी आत कोण आहे, ते विसरलो. मला आनंद झाला, साहेब. दार उघडलं तेव्हा मला आनंदच झाला होता."

आता कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुम्हीच पोलिसांना आत घेतलंत," वकील म्हणाले.

"घेतलं. ते माझ्यावर आहे. पण बेडीवर बूट ठेवायला मी सांगितलं नव्हतं."

"आणि सगळं होत असताना तुम्ही काय केलंत?"

"आकडा हातात धरून उभा होतो."

"अडवलं नाहीत?"

"नाही."

वकील खाली बसले. हे उत्तर आपल्या बाजूचं की त्यांच्या, हे त्यांना ठरवता आलं नसावं.

जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी सांगितलं की दोन्ही पोलिसांवर खटला चालवण्याइतका पुरावा समोर आला आहे. पुढच्या तारखेला जखमी मुलाची साक्ष. काकांच्या आधीच्या जबाबाबद्दल त्यांनी चार कडक वाक्यं सुनावली आणि त्याचा निर्णय राखून ठेवला. धाकटा पोलीस डोकं धरून बसला. मोठा काकांकडे रोखून बघत होता. काकांना तो दिसतही नव्हता.

बाहेरच्या लांब ओसरीत माणसांची ये-जा होती. वकीलबाई कुणाशी तरी फोनवर खुशीत बोलत होत्या. मग त्यांची नजर बारक्यावर गेली आणि त्यांनी काकांकडे बघितलं. एका नजरेत त्यांना कळलं की शब्द पाळला गेला नाही. त्यांनी फोन खाली घेतला.

बारक्या खांबाला टेकून उभा होता. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला होता. काका जवळ गेले, पण फार जवळ नाही.

"मी तुला सांगणार होतो."

"किती वेळ लागला?" बारक्यानं विचारलं.

"कशाला?"

"कुलपाला."

हा प्रश्न जगात दुसऱ्या कुठल्याही मुलानं बापाला विचारला नसता. काकांना कळलं की इथे मापून बोलायचं नाही.

"बराच. मधेच फिरलं आणि अडकलं, तू म्हणाला होतास तसंच. मला वाटलं उघडलं. मग सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून धरलं. परत अडकलं. पोलीस म्हणत होते, राहू द्या, आम्ही तोडतो. मी म्हणत होतो, थांबा, होतंय, होतंय."

"म्हणजे तुम्हाला थांबायला वेळ होता."

"होता."

"आईला यायलाही वेळ होता."

"हो. मी थोडा मूर्ख असतो, हात थोडा जड असता, तरी ती पोचली असती."

बारक्या खाली बघत होता. त्याला रडू आलं नव्हतं, रागही दिसत नव्हता. अवघड जोडाचं काम हातात आलं की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"मी सगळ्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "डॉक्टरांना, वकीलबाईंना. गोळ्या घेताना मला वाटायचं, सगळंच माझ्या डोक्यातलं असेल, कशाचाच भरवसा नाही. मग मी एक गोष्ट धरून ठेवायचो. बाबांनी दार उघडलेलं नाही. एवढं तरी पक्कं आहे. त्याच्यावरून मी बाकीचं लावायचो, काय खरं, काय भास." त्यानं मुठीतला अंगठा सोडला. "तेच चुकीचं निघालं."

काकांनी तोंड उघडलं. क्षमा हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, पण तो मुलाकडून काहीतरी मागणारा शब्द होता. त्यांनी तो उच्चारला नाही.

"बाकीचं तुला नीट आठवत होतं," ते म्हणाले. "टॉवेल, टेबल, बूट. तू जसं सांगितलंस, अगदी तसंच झालं. डोकं तुझं बरोबर होतं. मी चूक होतो."

बारक्यानं मान वर केली.

"पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे," तो म्हणाला. "ते मला विचारतील, तुला भास व्हायचे ना? तुम्ही समोर बसा. पहिल्या बाकावर. मला दिसाल असे."

"बसतो."

"पण तोपर्यंत माझ्याशी बोलू नका. दुकानातही नको, जेवतानाही नको. मला जमणार नाही."

"बरं."

"बरं म्हणू नका. बोलू नका म्हणालो ना."

काकांनी नुसती मान हलवली. काकू एव्हाना जवळ आल्या होत्या. त्यांनी मुलाच्या खांद्यावरची पिशवी घेतली, बापाच्या हातातली बाटली घेतली, आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "चला. घरी जाऊन कुणीतरी दिवे लावायला हवेत. तुम्ही दोघं इथे उभं राहून काही होणार नाही."

ती दोघं पुढे निघाली. त्यांना आपण दिसू, पण आपला आवाज ऐकू जाणार नाही, एवढं अंतर ठेवून काका मागून चालू लागले.